सव्वीस मोटारी, एक डीपी आणि मी

मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी बारावी सायन्सच्या वर्गात फळ्यासमोर पडलो आणि माझ्या नाकापाशी एकेचाळीस चपला आल्या. वर्गात पोरं बेचाळीस. हा आकडा अंदाजानं सांगत नाही, व्हिडिओ आहे. तो मी सतरा वेळा पाहिलाय आणि दर वेळी एखादी नवीन चप्पल सापडते.

मी सोमेश्वर. भोकरदनजवळच्या एका गावातल्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर सर, नाही घेतला तर रस्त्यानं चाललेला माणूस. मला मिरगी आहे, दहावीपासून. रोज दोन गोळ्या. त्या आई शक्तीच्या गोळ्यांच्या डबीत भरून ठेवते, म्हणजे पाहुण्यांना वाटावं पोरगा तब्येत कमावतोय. चार वर्षांत एकही झटका आला नव्हता. कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितल्यावर काय होतं ते मला माहीत होतं. ते न सांगताच झालं.

पडलो तेव्हा मी चेतापेशीतला विद्युत आवेग शिकवत होतो. यात विनोद आहे हे मला कळतं, कृपया कुणी समजावून सांगू नये. मी म्हणत होतो, "पेशी शांत असते तेव्हा तिची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सत्तर मिलिव्होल्ट उणे असते. बाहेर सोडियमची गर्दी, आत पोटॅशियमची. शेजारच्या पेशी तिला बारीक बारीक ढोसत राहतात. उणे पंचावन्नच्या आसपास एक उंबरठा आहे. तिथवर ढोसणं पोचलं नाही तर काहीच होत नाही. पोचलं तर सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, आणि मग..."

'आणि मग' नंतर मी खाली होतो.

पुढचं व्हिडिओत आहे. प्राचार्य भागवत सर धावत येतात आणि माझ्या मुठीत प्रयोगशाळेच्या किल्ल्यांचा जुडगा कोंबतात, कारण लोखंड धरलं की झटका उतरतो असं त्यांचं मत आहे. भागवत सर स्वतः भौतिकशास्त्राचे. पुंजाराम मामा, आमचे शिपाई, स्वतःच्या डब्यातला कांदा बुक्कीनं फोडून माझ्या तोंडावर पिळतात. कुणीतरी माझ्या दातांत फळा पुसायचं डस्टर घालतं. लाकडी. समोरच्या दाताचा कोपरा त्यातच गेला. मिरगीनं माझा एकही दात कधी तोडला नव्हता, तो मदतीनं तोडला.

एकच पोरगी चप्पल न काढता उभी दिसते, लायबा. तिनं आपली बॅग माझ्या डोक्याखाली सरकवली, बाक मागं ढकलला आणि घड्याळाकडं बघत राहिली. शुद्धीवर आल्यावर मला पहिला आवाज तिचाच आला. "दोन मिनिटं दहा सेकंद, सर." त्या दिवशी संपूर्ण संस्थेत झालेलं विज्ञान तेवढंच.

आता हे का झालं, ते सांगतो. आमच्या संस्थेचे अध्यक्ष भुजंगराव. त्यांचा नियम असा की अंगारकी चतुर्थीला सगळ्या स्टाफनं रात्रभर पायी चालत राजूरला जायचं, पहाटे गणपतीचं दर्शन घ्यायचं आणि अकराला कॉलेजात हजर व्हायचं. सह्या दोन्हीकडं. माझं गणपतीशी काही वाकडं नाही. पण मिरगीवाल्याची झोप गेली की मेंदूतला तो उंबरठा खाली येतो, हे डॉक्टरांनी मला दहावीतच सांगितलं होतं. सोमवारी रात्री मी बावीस किलोमीटर चाललो, एक मिनिट झोपलो नाही, आणि गर्दीत सकाळची गोळी राहिली. भुजंगराव गाडीनं आले होते. त्यांना गुडघे आहेत.

बुधवारी आईनं घरी ठेवलं. गुरुवारी मी कॉलेजला निघालो तर रस्त्यात मिरवणूक. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नवीन डीपी, म्हणजे विहिरींवरच्या मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. जुना या हंगामात तिसऱ्यांदा जळाला होता, म्हणून महिनाभर हेलपाटे घालून लोकांनी दुसरा आणला होता. आमच्याकडं डीपी येणं म्हणजे पोरगी बाळंत होऊन येण्यासारखं असतं. हळद-कुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. भुजंगरावांनी स्वतः नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा त्याच्या थंड लोखंडी पोटावर ठेवून हात जोडले. मग खिशातून एक पाकीट काढून माझ्याकडं दिलं.

"बरं झालं इथंच भेटले सर. शनवारी साडेअकराला मीटिंग हाय. तुमचीच हाय."

त्याच हाताला नारळाचं पाणी होतं. पाकीट ओलं झालं.

वर्गात गेलो तेव्हा माझं डोकं इतकं तापलं होतं की हजेरी घ्यायची राहिली. पोरं शिस्तीत बसली होती, सगळ्यांचे पाय बाकाखाली. मी खडू घेतला आणि फळ्यावर डीपी काढला.

"हा काय आहे?"

"डीपी, सर," एकदम बेचाळीस जण.

"ह्याच्यावर मोटारी किती?"

"सव्वीस," अर्पिता म्हणाली. ती भुजंगरावांची पुतणी, तिला माहीत असणारच.

"प्रत्येक मोटारीला काय बसवलेलं आहे?"

"ऑटो."

ऑटो म्हणजे स्टार्टरला जोडलेली एक छोटी पेटी. शेताची लाईट कधी दिवसा येते, कधी रात्री. ती आली की मालक घरी घोरत असला तरी ऑटो मोटार चालू करतं. त्याला डोकं नसतं. ठराविक व्होल्टेज आलं की झालं, चालू. अर्धवट चालू असं काही नाही.

"तुमच्या चेतापेशीवरची सोडियमची दारं म्हणजे हे ऑटो," मी म्हणालो. माझा आवाज व्हरांड्यात जात होता, जाऊ दिला. "एक मोटार चालू झाली तर डीपीला काही वाटत नाही. सुरू होताना मोटार पाचपट करंट ओढते आणि मग निवांत फिरते. पण सव्वीसच्या सव्वीस एकाच सेकंदाला ओढायला लागल्या तर? जळतो. त्याच्यात दोष काय? काहीच नाही. मोटारी चांगल्या, तारा चांगल्या, डीपी चांगला. फक्त सगळ्यांनी एकदम केलं. माझ्या डोक्यात मंगळवारी तेच झालं."

मी खडू डीपीवरून उचलून स्वतःच्या डोक्यावर टेकवला.

"संभाजीनगरला माझ्या डोक्याला एकवीस तारा चिकटवून ईईजीचा कागद काढलेला आहे. एका पेशीची वीज त्या तारांना कळत नाही, हजारोंची बेरीज कळते. पेशी आपापलं काम करतात तेव्हा कागदावर बारीक खरखर उमटते, मधल्या सुट्टीत तुमचा गलका होतो तशी. पण तुम्ही 'गुड मॉर्निंग सर' एकसुरात म्हणता तेव्हा रस्त्यावरच्या म्हशी मान वर करतात. झटका म्हणजे अब्जावधी पेशींचं गुड मॉर्निंग. ते होऊ नये म्हणून मेंदूत दर पाचांमागं साधारण एक पेशी अशी असते, जिचं काम दुसऱ्यांना गप बसवणं. तुमच्या गावात तसं कुणी नाही. माझी गोळी काय करते? एकदा उघडलेलं सोडियमचं दार पुन्हा उघडायला उशीर लावते. बस. तेवढ्या उशिरानं मी चार वर्षं उभा आहे. ह्यात चप्पल कुठं बसते ते मला कुणीतरी दाखवा."

लायबानं हात वर केला. "सर, कांदापण न्हाई बसत."

"नाही बसत."

"आणि गोळी म्हंजे सगळ्या मोटारी बंद न्हाई करत. नंबर लावती."

"नंबर लावते," मी म्हणालो आणि खडू फळ्यावर इतका जोरात टेकवला की तो मोडला. तास संपल्यावर पोरं बाहेर गेली नाहीत, कोपऱ्यात घोळका करून कुजबुजत बसली. मला वाटलं माझ्या आवाजाची नक्कल करतायत. मी आणखी चिडलो आणि निघून गेलो.

शनिवारी कॉलेज सकाळचं, अकराला सुटतं. साडेअकराला मी प्राचार्यांच्या ऑफिसात. भुजंगराव प्राचार्यांच्या खुर्चीत, भागवत सर बाजूच्या स्टुलावर वही घेऊन. वर पंखा बंद. आमच्या कॉलेजची लाईट गावातल्या तारेवर नाही, शेतातल्या त्याच डीपीवर आहे. का, ते विचारायचं नसतं. या आठवड्यात लाईट बाराला येत होती.

"बसा सर," भुजंगराव म्हणाले. "बसता येतं ना?"

"तीन वर्षं झाली, बसतोय."

"तसं न्हाई हो. इकडं टेबलाचा कोपरा हाय म्हणून म्हणलं."

भागवत सर खाकरले. "संस्थेला तुमच्याबद्दल आदरच आहे. पण पालकांचं म्हणणं आलंय."

"कोणत्या पालकांचं?"

"सर्वसाधारण पालकांचं."

"नाव?"

"सर्वसाधारण म्हटल्यावर नाव कसं असेल."

भुजंगरावांनी हात वर केला. "हे बघा सर, मी सरळ माणूस हाय. तो व्हिडिओ जाफराबादच्या माझ्या साडूपोतर गेला. तो म्हणतो, तुमच्या कॉलेजात काय चालू हाय. आमचा विचार असा झालाय की तुम्ही आराम करा."

"किती दिवस?"

"दिवस असं न्हाई. आराम."

मला वाटलं होतं मी बोलताना थरथरेन. थरथरलो नाही. रागात मी फार व्यवस्थित होतो.

"दादा, तुमचा डीपी या हंगामात किती वेळा जळाला?"

"तीनदा. का?"

"मी चार वर्षांत एकदा पडलो, तेही तुम्ही मला रात्रभर चालवलं म्हणून. डीपीला तुम्ही हार घातलात, नारळ फोडलात. मला पाकीट."

भुजंगरावांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "डीपी सरकारी हाय सर. तुम्ही तासिकेवर हायत."

"आणि चालायला कुणी जबरदस्ती नव्हती केली," भागवत सर वहीत बघत म्हणाले.

"दोन सह्या होत्या, सर."

"त्या भक्तीच्या होत्या."

घड्याळात बाराला सात मिनिटं होती. इथं मी एक मूर्खपणा केला. रागात केलेला मूर्खपणा त्या वेळी फार हुशार वाटतो.

"ठीक," मी म्हणालो. "माझ्या डोक्यात जे झालं तेच तुमच्या डीपीत होतं आणि त्याच कारणानं होतं. हे मला कळतं, तुम्हाला कळत नाही. बारा वाजू द्या. हा पंखा फिरायला लागेल, दोन मिनिटांत दबेल आणि बसेल. डीपी जाईल. गेला तर मी राहणार, गोळ्या टेबलावर ठेवून राहणार. नाही गेला तर राजीनामा मीच लिहितो."

"नारळ फोडलाय त्याला," भुजंगराव म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो, थांबा."

"लिहा हो भागवत सर. पैज म्हणून नका लिहू, ठराव म्हणून लिहा."

बारा वाजले. पंखा कुरकुरला आणि फिरायला लागला. तिघंही वर बघत बसलो. मीटिंगमध्ये इतकं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं. एक मिनिट. दोन मिनिटं. पंखा फिरत होता. तीन मिनिटं. वहीची पानं फडफडायला लागली. गेल्या हंगामात त्या पंख्यानं कधी पान हलवलं नव्हतं.

"गार वाटतंय," भुजंगराव म्हणाले आणि कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

मी पेन उघडलं. 'मा. अध्यक्ष' लिहिलं. माझा स्वतःचा डीपी मला सोडून गेला होता. ज्याच्यावर मी पोरांपुढं छाती ठोकली तो हार घालून खुशाल गुणगुणत उभा होता आणि मी, जो काल रात्री नऊ तास झोपलो, गोळी वेळेवर घेतली, तो गेला होता. चीड आली ती आधी विज्ञानाची. मग पंख्याची.

बारा वाजून पाच मिनिटांनी पंखा किंचित दबला. परत सावरला. मी 'विषय' लिहून दोन टिंबं दिली. बारा दहाला पुन्हा दबला, पुन्हा सावरला. बारा पंधराला पुन्हा. मी पेन खाली ठेवलं.

"लिहा की," भागवत सर म्हणाले.

"थांबा. हे कुणीतरी करतंय."

बारा वीसला पंखा दबला आणि त्याच वेळी दारात ख्वाजामियाँ उभे राहिले, लायबाचे वडील. गावात मोटारींचं वाइंडिंग करायचं दुकान त्यांचं, जळालेली प्रत्येक मोटार त्यांच्याकडं जाते. पाठीवर खताचं रिकामं पोतं होतं. रिकामं नव्हतं, त्यात काहीतरी खुळखुळत होतं.

"अध्यक्ष साहेब, मला तक्रार द्यायची हाय," ते म्हणाले. "ह्या सरची."

भुजंगरावांचा चेहरा खुलला. "या, या. लिहा भागवत सर. हे बघा, पालकांचं म्हणणं."

ख्वाजामियाँनी पोतं टेबलावर उलटं केलं. ऑटो. चौकोनी, मळलेले, तारा लोंबणारे, सगळे मिळून सव्वीस.

"माझी पोरगी आणि तिच्या वर्गातली दहा पोरं कालपासून शेतानं फिरून राह्यलीत. ज्याच्या त्याच्या बापाचा, चुलत्याचा ऑटो सोडवला आणि माझ्या दुकानात आणून टाकला. म्हणतात सरनं शिकवलं, नंबर लावायचा. बाकाप्रमाणं नंबर. पहिला बाक बाराला मोटार हातानं लावणार, दुसरा बारा पाचला, एका टायमाला तीनच मोटारी. आता लोक मला म्हणतील मिस्त्रीनं ऑटो चोरले. आणि बारा वीस होऊन राह्यले साहेब, एव्हाना दोन तरी मोटारी माझ्याकडं यायला पायजे होत्या. एकबी न्हाई. डीपी बिलकुल गार हाय, मी हात लावून आलो. हे काय शिकवणं हाय?"

भुजंगरावांनी ढिगातून एक ऑटो उचलला. त्यावर लाल रंगानं 'भु' लिहिलं होतं.

"हा माझा हाय."

"तुमचे पाच हायत त्यात," ख्वाजामियाँ म्हणाले. "अर्पितानं आणून दिले."

भुजंगरावांनी फोन लावला आणि टेबलावर ठेवला. अर्पिताचा आवाज वाऱ्यासकट आला.

"हां आप्पा."

"कुठं हाय गं?"

"मोटारीपाशी. लायबापण हाय."

"मोटार का चालू न्हाई केली?"

"आपला नंबर बारा चाळीसला हाय."

"शेवटचा? अध्यक्षाचा नंबर शेवटचा?"

"आपल्या मोटारी जास्ती हायत, आप्पा, पाच एकदम तिनाच्या नंबरात बसत न्हाईत. आधी लावल्या तर सगळ्यांचं जातं. सरनं सांगितलंय, प्रत्येकाला वाटतं आपण एकट्यानंच चालू केली." मग मागून लायबाचा आवाज, "आधी चालू नका करू म्हणावं, डीपीच्या खांबावर नंबर लिहून ठेवलेत," आणि फोन बंद.

मग आम्ही बारा चाळीसची वाट बघितली. दुसरं काही करता येत नव्हतं. पुंजाराम मामा चहा घेऊन आले, टेबलावरचा एक ऑटो बाजूला सारून कप ठेवला. बारा पंचवीसला पंखा दबून उठला. बारा तीसला दबून उठला. भुजंगराव प्रत्येक वेळी खुर्चीचे हात धरत होते. बारा चाळीसला पंखा जास्त दबला, आवाज खोल गेला, पाती मोजता येतील इतकी हळू झाली. भागवत सरांचा हात आपोआप किल्ल्यांच्या जुडग्याकडं गेला. मग पाती पुन्हा एकमेकांत मिसळली.

"पैज तर तुम्ही हरले," भुजंगराव हळूच म्हणाले.

"हरलो. डीपी टिकला. का टिकला, ते ठरावात लिहा."

भुजंगरावांनी 'भु' लिहिलेला ऑटो हातात उलटापालटा केला. मग त्यांना काहीतरी उमगल्यासारखं झालं, आणि ते उमगताना त्यांचा आवाज मऊ झाला.

"म्हंजे आपल्या डीपीला मिरगी होती."

"असं म्हणा."

"तरीच. बिचारा."

मंगळवारपासून माझ्यासाठी हा शब्द कुणी वापरला नव्हता. वापरला असता तर मी चिडलोच असतो. पण लोखंडाच्या डब्यासाठी वापरलेला ऐकून जितका चिडलो तितका तेव्हा चिडलो नसतो.

"दादा," मी म्हणालो, "मी राहतोय का जातोय?"

"राहा. नंबर कोण सांगणार पोरांना. पण डीपी जळाला तर त्या दिवशी तुम्ही गेले. लिहा भागवत सर."

"आणखी एक लिहा," मी म्हणालो. "पुढच्या अंगारकीला मी रात्री चालणार नाही. झोपणार. सकाळी बसनं जाईन."

"देवाला न्हाई म्हणता?"

"देवानं मला चालायला लावलं नव्हतं. सहीचा कागद तुमचा होता."

भागवत सरांनी अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्षांनी पंख्याकडं बघितलं. लिहिलं गेलं. मी माझा अर्धा राजीनामा घडी घालून खिशात टाकला. विषयापर्यंत लिहून झालेला आहे, लागला तर पुढं लिहिता येईल. ख्वाजामियाँ पोतं भरता भरता मला म्हणाले, "सर, महिन्यातनं एखादी मोटार तरी जळू द्या," आणि ते हसत नव्हते.

तर माझी नोकरी आता एका डीपीवर आहे. सव्वीस मोटारवाल्यांपैकी एकानं एका दुपारी ठरवलं की आपण एकट्यानं पाच मिनिटं आधी लावली तर काय बिघडतं, की मी घरी. मला रोज बाराला घाम फुटतो. गोळ्यांची डबी मात्र आता ऑफिसच्या टेबलावर असते, तिच्यावर औषधाचं खरं नाव मी स्वतः पेननं लिहिलंय. आईनं दोन दिवस अबोला धरला.

सोमवारी वर्गात गेलो. पोरं उठून उभी राहिली, पण कुणीच एकदम काही बोललं नाही. आधी पहिला बाक म्हणाला, "गुड मॉर्निंग सर." मग दुसरा. मग तिसरा. सातव्या बाकापर्यंत माझी पाच मिनिटं गेली आणि मी हसलो नाही, कारण तुटलेला दात दिसतो.

फळा मंगळवारपासून कुणी पुसला नव्हता. डस्टर पुंजाराम मामांनी पुरावा म्हणून कपाटात ठेवलंय. गुरुवारच्या डीपीशेजारी 'सोडियम आत' एवढं लिहिलेलं अजून होतं, शेवटचं अक्षर खाली फरफटत गेलेलं.

मी खडू उचलला. "आणि मग," मी म्हणालो, "पोटॅशियम बाहेर जातं. पेशी पुन्हा शांत होते. त्यानंतर अगदी थोडा वेळ असा असतो, की तिला कितीही ढोसा, ती परत पेटत नाही."

"आणि माणूस, सर?" लायबानं विचारलं.

"त्याला तो वेळ मिळत नाही," मी म्हणालो. "आकृती काढा."